प्लॉटिंगमध्ये सेप्टिक टँकचं पाणी जमीन पिणार का? घर बांधायच्या आधी माती कशी तपासायची

प्लॉट बघायला गेलं की माणूस सगळं विचारतो, रस्ता किती फुटी आहे, डीपी कुठे बसणार, एनए झालंय का, सातबारा क्लिअर आहे का. विचारायलाच पाहिजे. पण संडास-बाथरूमचं पाणी जाणार कुठे हे फार कमी लोक विचारतात, आणि विचारलं तरी "सेफ्टी टँक करायचा की साहेब, त्यात काय" एवढ्यावर विषय संपतो. गावाबाहेरच्या बहुतेक नवीन प्लॉटिंगमध्ये ड्रेनेज लाईन नसते, म्हणजे प्रत्येक घराचं सांडपाणी त्याच घराच्या मातीने प्यायचं असतं, आणि ती माती पिणारी आहे की नाही हे बघण्याचे साधे प्रकार आहेत. त्यासाठी इंजिनियर असायची गरज नाही, एक जेसीबी, एक पट्टी, घड्याळ आणि दीड-दोन दिवस एवढं पुरतं. मी साईटवरच काम करतो, लहान बंगल्यांची आणि लेआउटची कामं बघतो, त्यामुळे जे सांगतोय ते करून बघितलेलं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सेप्टिक टँक पाणी संपवत नाही. टाकीत गाळ खाली बसतो, तेलकट साय वर येते, आणि मधलं घाण पाणी पलीकडच्या पाइपातून बाहेर पडतं, रोज जेवढं आत गेलं जवळजवळ तेवढंच. त्या पाण्यात जंतू असतातच. ते गाळायचं, जिरवायचं, निवळायचं काम माती करते. म्हणजे टाकी कितीही पक्की बांधा, माती नापास असेल तर सगळंच नापास.

माझ्या मावसभावाचं सांगतो. काळ्या रानातलं प्लॉटिंग, तीन गुंठे. मे महिन्यात खड्डा काढला, प्लॉट विकणाऱ्याच्या माणसाने दोन बादल्या पाणी ओतलं, पाचेक मिनिटांत पाणी गायब, सगळे खूश. पुढच्या वर्षी जुलैत मावशी फोनवर रडकुंडीला आलेली, फ्लश केलं की पाणी खाली जायच्या ऐवजी वर येतंय, नहाणीच्या जाळीतून बुडबुडे, अंगणात वास. मी जाऊन शोषखड्ड्याचं (टाकीतून निघालेलं पाणी जमिनीत जिरवायच्या खड्ड्याचं) झाकण सरकवलं तर पाणी काठापर्यंत, आणि आजूबाजूची काळी माती साबणासारखी फुगून घट्ट झालेली. मे महिन्यात जे पाणी गेलं ते मातीने प्यायलंच नव्हतं, ते भेगांमधून पळालं होतं. काळी माती सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ओली झाली की फुगून त्या भेगा मिटतात. तेव्हा पहिला नियम हाच: उन्हाळ्यातली कोरडी जमीन तपासायची नाही, पावसाळ्यातली ओली जमीन तपासायची, आणि पावसाळ्याची वाट बघता येत नसेल तर जमिनीला आधी भरपूर पाणी पाजून मग मोजायचं. कसं ते पुढे येतं.

आधी कागद आणि गावातली म्हातारी माणसं

जेसीबी बोलवायच्या आधी त्या गटाचे जुने सातबारे काढा. एनए झाल्यावरच्या उताऱ्यावर पिकाचं काही दिसत नाही, म्हणून जुने, दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे. गाव नमुना बाराच्या भागात पीक लिहिलेलं असतं. तिथे वर्षानुवर्षं भात दिसला तर सावध व्हा. मावळ, मुळशी, कर्जत भागात भातखाचरांचेच प्लॉट पडतायत, आणि भाताच्या चिखलणीने वीतभर खाली एक घट्ट थर तयार झालेला असतो, शेतकऱ्याला तो हवाच असतो कारण पाणी वर टिकलं पाहिजे, पण आपल्याला नेमकं उलटं पाहिजे. कॅनॉलखालचा ऊस दिसला तर जमिनीतलं पाणी वर आलेलं असण्याची शक्यता धरा, आणि गावात "चोपण" हा शब्द कानावर पडला तर अजून जपून, चोपण जमिनीत पाणी जिरत नाही म्हणजे नाही. पोटखराबा क्षेत्र किती ते पण बघा, तो बहुतेक वेळा कातळ, नाला नाहीतर पाणथळ तुकडा असतो आणि लेआउटमध्ये नेमके तिथेच कोपऱ्यातले स्वस्त प्लॉट पडतात.

मग शेजारच्या शेतकऱ्याकडे जा. ज्याने ते रान कसलंय त्याला विचारा, "काका, इथे पाऊस थांबल्यावर वाफसा किती दिवसांनी येतो?" वाफसा म्हणजे पाणी निचरून जमीन कसण्याजोगी होणं. हा एक प्रश्न लाख मोलाचा आहे. दोन-तीन दिवसांत वाफसा येतो म्हणाले तर जमीन निचऱ्याची. आठ-दहा दिवस पाय ठेवता येत नाही म्हणाले तर शोषखड्ड्याचं अवघड आहे. दुसरा प्रश्न, जमीन उपळते का, म्हणजे श्रावण-भाद्रपदात आपोआप पाणी वर येतं का. तिसरा, जवळच्या विहिरीला आषाढ-श्रावणात पाणी कुठवर चढतं. जुनी माणसं परसाच्या मापात (एक परस म्हणजे पुरुषभर, साधारण सहा फूट) सांगतात, "अर्धा परसावर येतं", म्हणजे तीन फुटांवर पाणी आलं की हो, आणि आपण तिथे दहा फुटांचा खड्डा काढायला निघालोय.

फिरून बघणं, आणि सगळ्या लेआउटचा नकाशा हातात ठेवणं

आता हे नीट वाचा, कारण बहुतेक चूक इथे होते. आपण फक्त आपला प्लॉट बघतो. भारतीय मानक ब्युरोचं आयएस २४७० आहे, १९८५ चं, पहिला भाग टाकीचा आणि दुसरा भाग टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं काय करायचं त्याचा. त्यात म्हटलंय की पाणी जिरवायची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब पाहिजे, म्हणजे जवळजवळ ६० फूट, आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर, म्हणजे २० फूट.

आता कंपास घ्या आणि लेआउटच्या नकाशावर एका बोअरभोवती १८ मीटरचं वर्तुळ काढा. त्याचं क्षेत्रफळ येतं साधारण १,०१८ चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठे. एका बोअरने दहा गुंठ्यांत शोषखड्ड्याला बंदी केली. आणि प्लॉट आहेत दीड-दोन गुंठ्यांचे, प्रत्येकजण आपापल्या प्लॉटमध्ये एक बोअर आणि एक शोषखड्डा मारणार, बहुतेक पुढच्या कोपऱ्यात बोअर आणि मागच्या कोपऱ्यात खड्डा, आणि मागच्या प्लॉटवाल्याचा बोअर नेमका तुमच्या खड्ड्याला लागून. मी असे लेआउट बघितलेत जिथे दोन्हीच्या मध्ये फक्त कंपाउंडची भिंत आहे. तुमच्या प्लॉटमध्ये सगळं नियमात बसलं तरी शेजाऱ्याच्या बोअरमुळे ते मोडतं, म्हणून तपासणी एका प्लॉटची होऊच शकत नाही, ती अख्ख्या लेआउटची करावी लागते आणि ती प्लॉट पाडायच्या आधी झाली तर सगळ्यात बरं. डेव्हलपरने सुरुवातीलाच लेआउटच्या वरच्या अंगाला सगळ्यांसाठी एक-दोन सामायिक बोअर ठेवले आणि प्लॉटमध्ये बोअरला मनाई केली तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. तुम्ही घेणारे असाल तर हे विचारा आणि लेखी घ्या.

नकाशावर आणखी काय मांडायचं: उतार कुठून कुठे, ओढा-नाला, असलेल्या विहिरी आणि बोअर (शेजारच्या गटातल्या पण), जिथे पाणकणीस नाहीतर लव्हाळे माजलेत ती जागा, आणि भराव. भरावाकडे खास बघा. भातखाचरावर तीन-चार फूट मुरूम टाकून रोलर फिरवला की प्लॉट एकदम टणक आणि कोरडा दिसतो, वर खड्डा घेतला तर पाणी पण छान जिरतं, पण ते मुरमातून खाली जाऊन जुन्या चिकणमातीवर साठतं आणि आडवं वाहत शेजाऱ्याच्या पायात येतं. पाणी जिरण्याची टेस्ट घ्यायची ती मूळ जमिनीत, भरावात नाही.

जेसीबीचा खड्डा

दोन-अडीच मीटर खोल, म्हणजे आठ फुटांच्या आसपास. एका प्लॉटला दोन खड्डे पुरतात, लेआउट असेल तर मी तीन-चार प्लॉटमागे एक घेतो आणि जिथे मातीचा रंग बदलतो तिथे जास्तीचा. एका तासात जेसीबी तीन-चार खड्डे काढतो, घराच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही. एक कळकळीने सांगतो, खोल खड्ड्यात उतरू नका. काळ्या मातीची उभी भिंत कधी ढासळेल सांगता येत नाही. जेसीबीवाल्या दादाला सांगा की एका बाजूने पायरी ठेव, आणि बकेटमधून प्रत्येक थराची माती वेगळी काढून वर ढिगाने मांडून घ्या, ते हातात घेऊन बघा.

काय बघायचं? वरून खाली थर किती आणि प्रत्येक किती फूट. घाटावर बहुतेक ठिकाणी वर काळी नाहीतर तांबूस माती, मग मुरूम, मग कठीण दगड असं येतं. खड्ड्याच्या कामाला सगळ्यात चांगला मऊ मुरूम, पण तो किती जाडीचा आहे ते महत्त्वाचं, कारण चार फुटांवर काळा दगड लागला तर पाणी त्याच्यावरच साचणार. काळी माती पाच-सहा फूट आणि खाली लगेच दगड असेल तर विषय अवघड.

हातातली तपासणी अशी: लिंबाएवढा गोळा घ्या, थोडं पाणी लावून मळा, आणि अंगठा-तर्जनीमध्ये दाबत त्याची पट्टी काढा. पट्टी होतच नाही, चुरा होतो, तर रेताड. इंचभर होऊन तुटते तर मध्यम. दोन-तीन इंच लांब, चकचकीत पट्टी निघाली आणि बोटाला चिकटून बसली तर चिकणमाती, पाणी सावकाश जाणार. यावर निर्णय घ्यायचा नाही, पण टेस्ट कुठल्या थरात घ्यायची ते याच्याने ठरतं.

आणि रंग बघा, रंग खोटं बोलत नाही. खड्ड्याच्या भिंतीला खालच्या बाजूला राखाडी मातीत गंजासारखे तांबडे-पिवळे डाग, शिरा दिसल्या तर तिथपर्यंत दर पावसाळ्यात पाणी येऊन बसतं असं समजा, खड्डा मे महिन्यात ठणठणीत कोरडा असला तरी. एका साईटवर मी असे डाग साडेतीन फुटांवर बघितले, जुन्या मुळांच्या बिळांभोवती बारीक गंजाच्या नळ्या झालेल्या, पेन्सिलच्या शिसाएवढ्या, बोटाने दाबल्या तर चुरा व्हायच्या. मालक म्हणाले इथे पाणी कधीच नसतं. ऑगस्टमध्ये त्याच खड्ड्यात साडेतीन फुटांखाली पाणी उभं होतं.

कोकणात प्रकरण वेगळं. जांभ्यात पाणी जिरतं का याची काळजी नसते, जांभा सच्छिद्र, त्यात आरपार बिळं असतात, पाणी ओतलं की गडप. तिथे भीती उलटी आहे, की पाणी गाळलंच न जाता थेट खालच्या वाडीच्या विहिरीत उतरेल. अलिबाग-नागावसारख्या किनाऱ्यावरच्या वाळूत पण तेच, शिवाय तिथे पाणी वर असतं. भेगाळलेल्या खडकात जिरवण व्यवस्था करू नये असं आयएस २४७० मध्येच आहे, कारण भेगेतून पाणी किती लांब जाईल त्याला १८ मीटरचं बंधन नसतं. तेव्हा "आमच्याकडे पाणी लगेच जातं" हे ऐकून खूश होऊ नका.

पर्कोलेशन टेस्ट

म्हणजे जमीन किती वेळात किती पाणी पिते ते मोजायचं. हीच खरी परीक्षा. ज्या खोलीवर पाणी जिरवायचंय त्या खोलीवर एक छोटं भोक घ्यायचं, १० ते ३० सेंटीमीटर रुंद, उभ्या भिंतीचं. जेसीबीच्या खड्ड्यात जी पायरी ठेवली होती तिच्यावर पहारीने घेता येतं, कमरेच्या वर खोल जायची गरज पडू नये असं बघा. पहारीने किंवा खुरप्याने खणताना भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते आणि पाणी अडतं, म्हणून टोकदार खिळ्याने भिंती आणि तळ खरवडून घ्या. सुटी माती काढा, तळाला ५ सेंटीमीटर बारीक खडी नाहीतर जाड वाळू टाका, नाहीतर पाणी ओतताना तळ उखडतो.

आता पाणी पाजा. खडीच्या वर किमान ३० सेंटीमीटर पाणी भरा आणि २४ तास मुरू द्या. मधेच कमी झालं तर मी परत भरतो, साईटवर वॉचमन असेल तर त्याला सांगून ठेवायचं, "दादा, झोपायच्या आधी एकदा भरा आणि उठल्यावर एकदा". हीच पायरी लोक टाळतात आणि हीच टाळून चालत नाही, कारण या चोवीस तासांत माती फुगते, भेगा मिटतात आणि ती पावसाळ्यातल्या अवस्थेच्या जवळ येते. मावसभावाच्या प्लॉटवर हे केलं असतं तर तिथेच सगळं कळलं असतं. रात्री खड्ड्यावर फळ्या टाका, गुरं-पोरं पडतात.

दुसऱ्या दिवशी भोकावर एक सरळ फळी आडवी ठेवा, तिच्या दोन्ही टोकांवर दगड ठेवा म्हणजे हलणार नाही, आणि फळीवर एक खूण करा. मोजमाप कायम त्याच खुणेपासून. रात्रीचं पाणी उरलं असेल तर ते खडीवर १५ सेंटीमीटर राहील असं कमी-जास्त करा आणि ३० मिनिटांत किती उतरलं ते मोजा, तेवढंच पुरे. रात्रीचं पाणी पूर्ण गेलं असेल तर १५ सेंटीमीटर भरा आणि दर अर्ध्या तासाने मोजा, चार तास, लागेल तसं परत १५ पर्यंत भरत. हिशेबाला धरायचा तो शेवटचा अर्धा तास. रेताड जमिनीत पंधरा सेंटीमीटर अर्ध्या तासाच्या आतच जातं, तिथे दर १० मिनिटांनी, एक तासभर, आणि शेवटची १० मिनिटं धरायची.

चार तास बसून राहायला कंटाळा येतो, मान्य, पण पहिले आकडे आणि शेवटचे आकडे यात किती फरक पडतो ते एकदा बघाच. मागे एका तांबड्या जमिनीत पहिल्या अर्ध्या तासाला ९ सेंटीमीटर, मग साडेसात, मग ६, आणि शेवटी ५ वर येऊन ते स्थिरावलं. पहिल्या आकड्यावर खड्डा बांधला असता तर तो गरजेच्या जेमतेम पाऊणपट झाला असता.

आकडा आला, आता काय

२५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच पाणी उतरायला किती मिनिटं लागली, हा तुमचा आकडा. अर्ध्या तासाला ५ सेंटीमीटर असेल तर एका इंचाला १५ मिनिटं.

पाठ करायची सोपी पट्टी अशी: शेवटच्या अर्ध्या तासात अडीच सेंटीमीटर किंवा जास्त उतरलं (इंचाला ३० मिनिटांच्या आत) तर शोषखड्डा चालेल. अडीच ते सव्वा सेंटीमीटरच्या मध्ये (३० ते ६० मिनिटं) असेल तर खड्डा नको, पाणी पसरून जिरवायला उथळ, लांब चर घ्यायचे. सव्वा सेंटीमीटरपेक्षा कमी तर ती जमीन पाणी पिणार नाही, दुसरा मार्ग शोधायचा.

मग केवढा खड्डा? सूत्र आहे, २०४ ला त्या मिनिटांच्या वर्गमुळाने भागायचं, उत्तर येतं ते एक चौरस मीटर माती दिवसाला किती लिटर पिईल ते. १५ मिनिटं असतील तर साधारण ५२ लिटर. पाच माणसांचं घर, माणशी १३५ लिटर धरा, त्यातलं ८० टक्के सांडपाणी म्हणून धरा, झाले ५४० लिटर. ५४० भागिले ५२, म्हणजे साडेदहा चौरस मीटरच्या जवळ. खड्ड्याला ही जागा फक्त बाजूच्या गोल भिंतीची मोजायची, तळ धरायचा नाही, तळ गाळाने लवकर बुजतो. खड्ड्यात पाणी आणणाऱ्या पाइपाच्या खालचे पहिले १५ सेंटीमीटर पण सोडून द्यायचे. दीड मीटर व्यासाच्या खड्ड्याचा परीघ ४.७ मीटर, म्हणजे सव्वादोन मीटर कामाची खोली, वरचे धरून एकूण दहा फुटांच्या आसपास खणणं. एवढं खोल जायचं नसेल तर तसेच दोन खड्डे, प्रत्येकी सहा फूट, आणि मला तरी हेच बरं वाटतं कारण उथळ खड्डा भूजलापासून लांब राहतो.

आता काळी माती बघा. अर्ध्या तासाला दीड सेंटीमीटर, म्हणजे इंचाला ५० मिनिटं. एक चौरस मीटर पिणार २९ लिटर. लागणार साडेअठरा चौरस मीटर चराचा तळ (चराला तळच मोजतात). ६० सेंटीमीटर रुंद चर घेतला तर ३१ मीटर लांबी, एका चराची लांबी ३० मीटरच्या पुढे नेत नाहीत म्हणून साडेपंधरा-साडेपंधराचे दोन, दोघांत किमान १.८ मीटर अंतर, घरापासून ६ मीटर, बोअरपासून १८ मीटर. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर हे कागदावर बसवून बघा. बसत नाही. घर बांधून झाल्यावर कळण्यापेक्षा हे टोकन द्यायच्या आधी कळलेलं किती बरं.

पावसाळ्यातली पाणीपातळी

टेस्ट पास झाली तरी हे बाकी राहतं. पाणी जमिनीखाली १८० सेंटीमीटरच्या, म्हणजे सहा फुटांच्या आत येत असेल तर खड्डा विसरा, मग चर जमिनीच्या वर मातीचा उंचवटा करून त्यात घ्यावे लागतात. आणि खड्ड्याचा तळ आणि सगळ्यात वर आलेलं पाणी यात मी दोन मीटर कोरडी माती सोडतो, कारण जंतू अडतात ते त्या कोरड्या मातीत. बघायचं कसं? जेसीबीचा खड्डा बुजवायच्या आधी त्यात चार इंची पीव्हीसी पाइपला भोकं पाडून, जाळी गुंडाळून उभा करा, बाजूने खडी भरा, वर टोपण. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी दोरीला नट बांधून सोडायचा आणि वहीत लिहायचं. एक हंगाम गेला की तुमच्याकडे त्या जमिनीचं असं काहीतरी असतं जे विकणाऱ्याकडे पण नसतं. एवढा वेळ नसेल तर मातीतले गंजाचे डाग आणि शेजारच्या विहिरीच्या भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा, दोन्हीतलं जे वर असेल ते खरं धरा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठराविक वेळा मोजते, जिल्हा कार्यालयात तुमच्या भागातल्या विहिरीचे आकडे विचारता येतात.

माती नापास झाली तर

घाबरायचं नाही, पण खोटं समाधान पण करून घ्यायचं नाही. लहान प्लॉट आणि काळी माती असेल तर सगळ्यात चांगला उपाय अख्ख्या लेआउटचा एकत्र, खालच्या अंगाला जागा ठेवून सगळ्यांची लाईन तिथे नेऊन छोटी शुद्धीकरण व्यवस्था, आणि ते निवळलेलं पाणी झाडांना. हे प्लॉट पाडतानाच ठरतं, नंतर जागा उरत नाही. एकट्या घराला टाकीच्या पुढे अजून एक टाकी, जिच्यात खडीचा थर असतो आणि पाणी खालून वर चढतं, आणि तिच्या पुढे कर्दळ-केळी लावलेला खडीचा वाफा, असं करतात. अंघोळीचं आणि कपड्याचं पाणी वेगळं काढून परसबागेला दिलं तर मातीवरचा भार बराच कमी होतो. वाळूत किंवा जांभ्यात, जिथे पाणी फार पटकन जातं, तिथे संडासाच्या खड्ड्याचा तळ बंद करून भोवती अर्धा मीटर बारीक वाळूचं वेष्टण देतात.

काय करायचं नाही ते पण सांगतो, कारण मिस्त्री हेच सुचवतील. टाकीचा तळ कच्चा ठेवायचा नाही, "टाकी भरतच नाही बघा वीस वर्षं" म्हणून जे कौतुकाने सांगतात तिथे कच्चा मैला थेट जमिनीत चाललेला असतो. कोरड्या पडलेल्या बोअरमध्ये सांडपाणी सोडायचं नाही, कधीच नाही, ते सगळ्या गावाच्या पाण्यात जातं. पाइप ओढ्यात काढायचा नाही. आणि टाकी उपसायला गाडीच बोलवायची, सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला आत उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि आतल्या वायूने माणूस काही क्षणांत जातो.

राहायला जायच्या आधी बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून रिपोर्ट फाइलला लावून ठेवा, १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय सापडता कामा नये असं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे. मग दरवर्षी पावसाळा संपता संपता, सप्टेंबरच्या शेवटी, त्याच बोअरचं परत, आणि तुमच्या खड्ड्याला ज्याचा बोअर सगळ्यात जवळ आहे त्या शेजाऱ्याचं पण, दोन बाटल्या एकदमच घेऊन जा.